गच्चीवरून सूर्यमाला: चंद्र, सूर्य आणि ग्रह ओळखायला शिकताना

आमच्याकडे संकष्टीला चंद्रोदयाची वेळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बघायची आणि मग मुलांपैकी कुणाला तरी गच्चीवर पिटाळायचं, अशी रीत होती. छापलेली वेळ टळून जायची तरी चंद्राचा पत्ता नसायचा, कारण पूर्वेला शेजारच्यांची पाण्याची टाकी आड यायची. पंधरा-वीस मिनिटं कठड्याला टेकून थांबायचं. खालून आजीची हाक यायची, "दिसला का रे?" आधी टाकीच्या कडेला तांबूस उजेड यायचा आणि मग एका बाजूने चेपलेला चंद्र वर सरकायचा. माझी आकाशाशी ओळख झाली ती तिथे. पुढे शाळेत ग्रहांचे व्यास आणि अंतरं पाठ केली आणि परीक्षा झाल्यावर विसरलो. टाकीमागचा चंद्र मात्र विसरलो नाही.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी सांगतो की आधी बघा, आकडा मागून येऊ द्या. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचा आकडा पाठ करावा लागत नाही. खाली दिलेला क्रम त्याच हिशेबाने लावला आहे आणि तो पुरा करायला साधारण एक वर्ष लागतं.

आणखी एक, निदान पहिले सहा महिने दुर्बीण विकत घेऊ नका. मी घाईने एक स्वस्त दुर्बीण घेतली होती. तिची तिपाई इतकी हलायची की गुरू नजरेच्या टप्प्यात दोन सेकंदही टिकत नसे. आकाशाची वाट माहीत नसताना हातात आलेली दुर्बीण माणसाला निराश करते, आणि मग ती कपाटावर जाऊन बसते.

पायरी १ : हाताचं माप

हात सरळ लांब करा आणि एक डोळा मिटा. मुठीची रुंदी आकाशात साधारण १० अंश भरते, ताणलेली वीत सुमारे २० अंश आणि करंगळी १ अंश. लहान मुलांची मूठ लहान असते पण हातही आखूड असतो, त्यामुळे माप जवळपास तेच येतं.

पहिला प्रयोग आजच करा. करंगळी चंद्रावर धरा, पूर्ण चंद्र झाकला जाईल. चंद्र दिसतो फक्त अर्ध्या अंशाएवढा. उगवताना तो परातीएवढा वाटतो, तेव्हाही करंगळी धरून बघा आणि डोक्यावर आल्यावर पुन्हा बघा. आकार तोच असतो, मोठेपणा आपल्या मनाने दिलेला असतो.

दिशा पक्क्या करायच्या तर ध्रुव तारा शोधा. आपल्या गावाचे अक्षांश जितके, तितकाच ध्रुव उत्तर क्षितिजाच्या वर असतो. मुंबईहून १९ अंश, नागपूरहून २१, म्हणजे दोन मुठींच्या आसपास.

पायरी २ : एक महिना फक्त चंद्र

अमावास्येनंतर दोन दिवसांनी, सूर्य मावळल्यावर पाऊण तासाच्या आत पश्चिमेला बघा. बीजेची कोर दिसेल. नीट पाहिलंत तर कोरीच्या पोटात उरलेला चंद्रही धुरकट राखाडी दिसतो. पृथ्वीवरून परतलेला सूर्यप्रकाश चंद्रावर पडतो आणि तिथून पुन्हा आपल्या डोळ्यांत येतो, त्यामुळे तो भाग अगदीच काळा नसतो. मला आकाशातलं सगळ्यात सुंदर दृश्य हेच वाटतं, आणि ते दर महिन्याला फुकट मिळतं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी उभे राहा. चंद्र कालच्यापेक्षा सव्वा मूठ पूर्वेकडे सरकलेला असेल, म्हणजे सुमारे १३ अंश. सूर्यही तेवढ्यात एक अंश पूर्वेला सरकतो, म्हणून दोघांतलं अंतर रोज १२ अंशांनी वाढतं. पंचांगातली तिथी ती हीच. सूर्य आणि चंद्र यांच्यात १२ अंशांचं अंतर वाढलं की एक तिथी पुरी होते. अशा ३० तिथी झाल्या की ३६० अंशांचा फेरा संपतो आणि पुन्हा अमावास्या येते. तिथी हा कोन आहे आणि तो मुठीने मोजता येतो, हे मला कळलं तेव्हा दिनदर्शिकेच्या पानाकडे बघण्याची माझी नजरच बदलली. शुक्ल अष्टमीच्या संध्याकाळी मावळत्या सूर्याच्या जागेपासून चंद्रापर्यंत मुठी मोजत जा. जवळपास नऊ भरतील आणि चंद्र बरोबर अर्धा असेल.

पौर्णिमेला तो सूर्याच्या समोर येतो, म्हणून सूर्य मावळता मावळता उगवतो. पुढे रोज सरासरी ५० मिनिटं उशीर होत जातो. संकष्टीचा चंद्र रात्री नऊच्या आगेमागे का येतो, याचं उत्तर या उशिरात आहे. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे गोकुळाष्टमीला कृष्णजन्म होतो तेव्हा ढगांमागे तो नुकताच वर येत असतो. गावागावांच्या चंद्रोदयाच्या वेळा वेगळ्या छापतात त्यालाही कारण आहे. नागपूर मुंबईच्या पूर्वेला असल्यामुळे तिथे चंद्र सुमारे २५ मिनिटं आधी उगवतो.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होत नाहीत. चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो, त्यातला किती आपल्याकडे आहे एवढंच बदलतं. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त चंद्रग्रहणात. ग्रहण दर महिन्याला होत नाही, कारण चंद्राची कक्षा सूर्याच्या वाटेशी ५ अंशांनी कललेली आहे. या दोन वाटा एकमेकींना छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. आकाशात त्या जागी काहीही नाही, पण अमावास्येला किंवा पौर्णिमेला चंद्र त्यांच्याजवळ असेल तरच ग्रहण लागतं.

आता आकडे. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे. व्यास ३,४७४ किलोमीटर. पृथ्वीभोवतीचा फेरा २७.३ दिवसांचा, पण तेवढ्यात सूर्यही पुढे गेलेला असल्यामुळे अमावास्या ते अमावास्या २९.५ दिवस लागतात. २७.३ हा आकडा ध्यानात ठेवा, आपली नक्षत्रं २७ असण्याचं कारण तो आहे. रोज एका नक्षत्रात मुक्काम, असा चंद्राचा प्रवास. स्वतःभोवतीही तो तेवढ्याच काळात फिरतो, म्हणून त्याची एकच बाजू आपल्याला दिसते.

चंद्रावरचा ससा किंवा हरीण म्हणजे थंड झालेल्या लाव्हाची मैदानं. तो खडक बेसाल्ट आहे, आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या जातीचा, त्याच जातीचा. अपोलो ११ चे अंतराळवीर १९६९ च्या जुलैत अशाच एका काळ्या मैदानावर उतरले होते. आपलं चंद्रयान-३ मात्र २३ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिण ध्रुवाच्या जवळ, विवरांनी भरलेल्या प्रदेशात उतरलं. विवर कसं असतं ते जमिनीवर बघायचं तर बुलढाणा जिल्ह्यात लोणारला जा. बेसाल्टच्या थरावर उल्का आदळून झालेलं ते जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचं विवर आहे, आणि शास्त्रज्ञ चंद्रावरच्या विवरांशी तुलना करायला तिथे येतात.

पायरी ३ : सूर्य, पण पाठ फिरवून

सूर्याकडे थेट बघायचं नाही. काजळी धरलेली काच, जुनी एक्स-रे फिल्म, साधा गॉगल, यांपैकी काहीही चालत नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदना होत नाहीत, त्यामुळे तो भाजत असताना कळतही नाही. दुर्बिणीतून बघणं म्हणजे क्षणात दृष्टी गमावणं. मुलं सोबत असतील तर हे दोनदा सांगा.

त्याऐवजी पाठ फिरवा. झाडाखाली पडलेले उन्हाचे गोल कवडसे तुम्ही पाहिलेत. पानांच्या फटी वेड्यावाकड्या असतात, मग कवडसे गोल कसे? कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात.

हाच कवडसा घरात आणा. लहान आरशावर काळा कागद चिकटवा आणि त्यात अर्ध्या सेंटीमीटरचं भोक पाडा. आरसा खिडकीत उन्हात ठेवून अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर कवडसा पाडा. भिंत आरशापासून १० मीटरवर असेल तर गोल साधारण नऊ-दहा सेंटीमीटरचा भरेल. म्हणजे अंतर व्यासाच्या शंभराहून थोडं जास्त पट, नेमकं सांगायचं तर १०७ पट. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याला १०७ ने भागा. जवळपास १४ लाख किलोमीटर येतील, आणि तोच सूर्याचा व्यास. पृथ्वीच्या १०९ पट. आरसा आणि मोजपट्टी घेऊन सूर्याचा व्यास काढलेला मुलगा तो आकडा जन्मात विसरणार नाही.

चंद्राचंही हेच गुणोत्तर काढून बघा, ३,८४,४०० भागिले ३,४७४. सुमारे ११० येतं. सूर्य चंद्राच्या ४०० पट मोठा आणि ४०० पट दूर असल्यामुळे दोघे सारखेच दिसतात, म्हणून तर खग्रास ग्रहणात चंद्र सूर्याला बरोबर झाकतो.

वर्षभर चालणारा दुसरा उद्योग असा. एकाच खिडकीतून सूर्य उगवण्याची जागा महिन्यातून एकदा टिपा. कोणत्या इमारतीच्या किंवा झाडाच्या मागून आला, एवढंच लिहा. बरोबर पूर्वेला तो वर्षातून दोनच वेळा उगवतो, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास. जून ते डिसेंबर या काळात महाराष्ट्रातून ही जागा उत्तरेकडून दक्षिणेकडे जवळपास ५० अंश सरकते, चांगल्या पाच मुठी. २२ डिसेंबरच्या आसपास ती परत फिरते. खरं उत्तरायण तिथे सुरू होतं. मकरसंक्रांत आणि हा दिवस सतराशे-अठराशे वर्षांपूर्वी एकत्र होते. पृथ्वीच्या अक्षाची दिशा संथपणे बदलत असल्यामुळे त्यांच्यात आता तीन आठवड्यांहून जास्त अंतर पडलं आहे.

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो तो दिवस, चुकवू नका. पुण्यात तो १३-१४ मे आणि जुलैच्या अखेरीस येतो, मुंबईत मेच्या मध्यावर, नागपुरात २६ मेच्या सुमारास. जुलैतला ढगांत जातो, म्हणून मेवर भिस्त ठेवा. पुण्या-मुंबईकडे दुपारी साडेबारानंतर पाचेक मिनिटांच्या सुमारास एक सरळ डबा उन्हात ठेवा. सावली डब्याच्या बुडाखाली गुडूप होते. कर्कवृत्ताच्या उत्तरेला राहणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही.

पायरी ४ : सगळ्यांचा रस्ता एक

सूर्यमाला सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी फिरत्या चपट्या तबकडीतून तयार झाली. म्हणून आजही ग्रह जवळपास एकाच पातळीत फिरतात, आणि आपल्याला ते आकाशात एकाच पट्ट्यावर दिसतात. सूर्य वर्षभरात ज्या वाटेने जातो ते आयनिकवृत्त, आणि चंद्र व ग्रह त्याच्या आजूबाजूनेच चालतात. सप्तर्षींजवळ किंवा ध्रुवाजवळ ग्रह शोधू नका, तिथे तो कधीच नसतो.

या रस्त्यावरचे चार ठळक तारे आधी पाठ करा: रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा. यांच्या वाटेवर यांपैकी नसलेला एखादा तेजस्वी ठिपका शांतपणे तेवताना दिसला, तर तो बहुतेक ग्रहच. तारे इतके दूर आहेत की त्यांचा प्रकाश एका बिंदूतून आल्यासारखा येतो आणि हवेच्या हालचालीने लुकलुकतो. ग्रहाला छोटी का होईना तबकडी असते, म्हणून तो स्थिर वाटतो. क्षितिजाजवळ मात्र ग्रहही थरथरतो, तेव्हा एक-दोन मुठी वर येईपर्यंत निकाल देऊ नका.

नक्षत्रांची गंमत शेतकऱ्याला जास्त ठाऊक. मृगाचा पाऊस म्हणतो तेव्हा सूर्य मृग नक्षत्रात गेलेला असतो, ७-८ जूनच्या सुमारास. म्हणजेच त्या दिवसांत मृग रात्री दिसत नाही, सूर्याच्या उजेडात बुडालेलं असतं. तेच मृग डिसेंबर-जानेवारीत रात्रभर डोक्यावर असतं.

पायरी ५ : ग्रह, सोप्याकडून अवघडाकडे

शुक्रापासून सुरू करा. शुक्राची चांदणी ओळखायला कुणाची मदत लागत नाही. सूर्य आणि चंद्रानंतर आकाशात सर्वांत तेजस्वी तीच. शुक्र सूर्यापासून जास्तीत जास्त ४७ अंश दूर जातो, म्हणजे पाच मुठींच्या आत. म्हणून तो संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेलाच दिसतो, मध्यरात्री डोक्यावर कधीच नाही. मधले काही दिवस तो सूर्याच्या इतका जवळ असतो की दिसत नाही, तोच शुक्राचा अस्त. लग्नाच्या मुहूर्तांच्या यादीत काही आठवडे रिकामे दिसतात, त्याचं एक कारण हा अस्त. शुक्रावर कार्बन डायऑक्साइडचं दाट आवरण आहे आणि जमिनीचं तापमान ४६० अंश सेल्सिअसच्या वर. सूर्याच्या जास्त जवळ असलेल्या बुधापेक्षाही तो तापलेला आहे, कारण आत आलेली उष्णता बाहेर पडत नाही. आठ वर्षांनी तो जवळपास त्याच तारखेला त्याच जागी परत येतो, तेव्हा आजची नोंद जपून ठेवा.

मग गुरू. पिवळसर पांढरा, शुक्रापेक्षा थोडा मंद, पण तो रात्रभर दिसू शकतो. सूर्याभोवती फिरायला त्याला जवळपास १२ वर्षं लागतात आणि राशी १२ आहेत, म्हणून एका राशीत सुमारे एक वर्ष. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ १२ वर्षांनी येतो तो यामुळे. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ, आणि कन्येत गेला की कृष्णाकाठी नृसिंहवाडीला कन्यागत. कुंभमेळ्याच्या वर्षात हिवाळ्यातल्या एखाद्या रात्री मघा ताऱ्याच्या आसपास गुरू शोधून बघा. ज्याच्या चालीवर एवढी यात्रा भरते तो ग्रह डोळ्यांनी दिसतो, आणि हे बघायला फार थोडे लोक मान वर करतात याचं मला वाईट वाटतं. गुरूचा व्यास पृथ्वीच्या ११ पट, आणि एवढा प्रचंड गोळा स्वतःभोवती दहा तासांहून कमी वेळात फिरतो.

शनी फिकट पिवळा, मंद, सावकाश. त्याचा फेरा २९.५ वर्षांचा. त्याला १२ राशींनी भागा, एका राशीत अडीच वर्षं. तीन राशी म्हणजे साडेसात. साडेसातीतला साडेसातचा आकडा आकाशातल्या या संथ चालीतून आला आहे. माझं म्हणणं एवढंच की ज्याची भीती घातली जाते तो शनी एकदा स्वतः पाहा. दुर्बिणीतून त्याची कडी बघितलेला माणूस काही क्षण गप्पच होतो. ती कडी मुख्यतः बर्फाच्या लहानमोठ्या तुकड्यांची आहेत.

मंगळ तांबूस दिसतो, त्याच्या मातीतल्या लोखंडाला गंज चढल्यामुळे. साधारण २६ महिन्यांतून एकदा तो आपल्या जवळ येतो आणि ठसठशीत होतो. एरवी इतका मंद असतो की ज्येष्ठा किंवा रोहिणीशी घोटाळा होतो. २०२७ च्या फेब्रुवारीत गुरू आणि मंगळ दोघेही सूर्याच्या समोर येतील आणि सिंहेच्या परिसरात रात्रभर दिसतील. नवख्यांनी तो महिना आत्ताच राखून ठेवावा.

बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जात नाही आणि ८८ दिवसांत फेरा पुरा करतो. सपाट क्षितिज हवं, कोकणचा किनारा उत्तम. सूर्य पूर्ण मावळल्यावरच शोधा. युरेनस, ज्याला आपल्या पंचांगात हर्षल म्हणतात, १७८१ मध्ये विल्यम हर्शेलने दुर्बिणीतून शोधला. नेपच्यून १८४६ मध्ये आधी गणिताने आणि मग दुर्बिणीतून सापडला. या दोघांची घाई नको.

पायरी ६ : खडूची सूर्यमाला

रस्त्यावर किंवा मैदानात खडूने एक मीटर व्यासाचा गोल काढा, हा सूर्य. या मापाने पृथ्वी म्हणजे हरभऱ्याचा दाणा, १०७ मीटरवर. चंद्र मोहरीचा दाणा, हरभऱ्यापासून सव्वा वीत दूर. मंगळ ज्वारीचा दाणा, १६३ मीटरवर. गुरू मोसंबं, अर्ध्या किलोमीटरच्या थोडं पुढे. शनी त्याहून जरा लहान मोसंबं, एक किलोमीटरवर. नेपच्यून सव्वातीन किलोमीटरवर. पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह शेजारी शेजारी बसवलेले असतात, आणि ते पानावर मावण्यासाठीच. मुलांना हरभरा हातात देऊन १०७ मीटर चालायला लावा आणि तिथून खडूचा गोल बघायला सांगा. तो त्यांच्या करंगळीमागे लपेल, आकाशातल्या सूर्याएवढाच.

पायरी ७ : साधनं आणि वही

सहा महिन्यांनी काही घ्यायचंच तर ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची छोटी दुर्बीण, घ्या (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा). कोपरं कठड्यावर टेकवून गुरूकडे पाहा. त्याच्या दोन बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके दिसतील. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले चार उपग्रह ते हेच. दुसऱ्या दिवशी त्यांची मांडणी बदललेली असेल. चंद्र पौर्णिमेला बघू नका, तेव्हा तो सपाट वाटतो. सप्तमी-अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. शनीची कडी मात्र द्विनेत्रीत दिसत नाहीत, त्यासाठी दुर्बीण हवी. ती विकत घेण्याआधी एखाद्या आकाशदर्शनाला जा. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत नेहरू तारांगण आहे. मोबाइलवर स्टेलॅरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप फुकट मिळतं, पण ते घरात बघून घ्या. अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटं लागतात आणि पडद्याच्या एका झगमगाटाने ती वाया जातात.

वहीत फार लिहू नका. तारीख, वेळ, तिथी, काय दिसलं, कोणत्या ताऱ्याजवळ, किती मुठी वर. पावसाळ्यात पानं कोरी राहतील. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत भरतील.

पहिली नोंद पुढच्या संकष्टीला करा. छापलेली चंद्रोदयाची वेळ लिहा आणि तुमच्या गच्चीवरून चंद्र खरोखर कधी दिसला ते तिच्यासमोर लिहा. आकाश तासाला १५ अंश फिरतं, म्हणजे वीस मिनिटांत अर्धी मूठ. आमच्या शेजारची टाकी क्षितिजाच्या वर नेमकी तेवढीच होती.